शेवटच्या ओळीतलं नाव

अंगावर काटा येण्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. काटा थंडीनं येतो, तापानं येतो, पाल अंगावर पडली तरी येतो. पण आजकाल जो तो मोबाईलवर एखादं गाणं पाठवतो आणि खाली लिहितो, 'ऐका, काटा नाही आला तर सांगा.' मी ऐकतो. नाही येत. तसं सांगितलं की माणसं रुसतात. मग विचारता कायले, बाप्पा?

धंद्यानंच मी असा झालो असेन. लोहाऱ्याला एका जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आहे. गाडी येते, कापूस वरून पांढरा फटक, गाडीवाला हसून नमस्कार करतो, आणि मी काही न बोलता कोपरापर्यंत हात आत खुपसतो. आतला कापूस ओला निघतो. नेहमी नाही, पण इतक्या वेळा निघाला आहे की हसून नमस्कार करणाऱ्याचाच मला आता आधी संशय येतो.

गेल्या हिवाळ्यात माझी बहीण आर्णीहून आली. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तिथं शाळेत शिकवते. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "माय, हातातलं ठेव बरं. तुले काही ऐकवाचं हाय."

माय माझ्याकडंच असते. शहात्तर वर्षांची आहे. दारात उन्हाला बसून मेथी निवडत होती. बहिणीनं मोबाईल तिच्या कानाशी धरला आणि आवाज वाढवला. आधी नुसती खरखर. मग पेटी, ढोलकी, टाळ्या, मागं कोरस, आणि पुरुषाचा उंच, जरासा फाटलेला आवाज. जुन्या गायन पार्टीचं गाणं होतं. आमच्याकडं जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला अशा पार्ट्या गावोगाव फिरायच्या. माझे बाबा तशाच एका पार्टीचे मुख्य गायक होते. गाणी तेच रचायचे. आणि या गाण्यांची एक रीत असते, शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव घालतो. ते कडवं आलं आणि त्यात बाबाचं नाव आलं. अख्खं, आडनावासकट.

"बाबाचा आवाज हाय," बहीण म्हणाली आणि रडायलाच लागली.

मायनं निवडलेली मेथी बाजूला सारली. बांगड्यांच्या वर, तिच्या वाळलेल्या हातावर काटा उभा राहिला होता. मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून तेवढ्यापुरता मानतो. गाणं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुन्हा लाव."

मला तिथंच संशय आला. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, बहीण तीन वर्षांची. घरात त्यांचा एक फोटो, एक पेटी आणि एक जाकीट. कॅसेट वगैरे काही नाही, कधीच नव्हती. मग चाळीसेक वर्षांनी हा आवाज कुठून उगवला? बहिणीला विचारलं, कुठून आणलं? म्हणाली, जुन्या पार्ट्यांच्या गाण्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर आलं. कोणी टाकलं? माहीत नाही. त्याच्याकडं कुठून आलं? माहीत नाही. खाली दीडशे लोकांनी लिहिलेलं, अंगावर काटा आला. झालं! एवढा पुरावा.

"आजकाल कोणाचाही आवाज मशीनवर बनवतात," मी म्हटलं.

"बाबाचा आवाज कायले बनवन कोनी? ते का मंत्री होते?" ती म्हणाली. "तुले ना दादा, सख्ख्या बापावरही भरोसा नाही."

हे मला लागलं. पण लागलं म्हणून संशय जातो थोडाच.

तिच्या डोक्यात पुढचं ठरलेलंच होतं. येत्या रविवारी बाबांचा स्मृतिदिन. दरवर्षी आम्ही गावच्या विहारात खीर-पुरीचं जेवण देतो. यंदा जेवणाआधी भोंग्यावर हे गाणं लावायचं आणि सांगायचं, ऐका, हा आमच्या बाबांचा आवाज. तिनं गावात फोनही करून टाकले होते. मला ते ऐकूनच घाम फुटला. गावात बाबांना ऐकलेली चार-पाच म्हातारी माणसं अजून धड कानांची आहेत. त्यातला एक जरी उठून म्हणाला, 'हा तो नव्हेच', तर? माय पहिल्या रांगेत बसणार. सगळ्या गावासमोर तिचा पोपट होणार, तोही मेलेल्या नवऱ्याच्या नावानं.

त्यातून माय दिवसभर तेच ऐकायला लागली. बहिणीनं तिच्या मोबाईलवर टाकून दिलं होतं. सकाळी चहाबरोबर, दुपारी पडल्या पडल्या. शेवटचं कडवं आलं की मोबाईल कानाला दाबून धरायची. मी जेवत असलो की ताट सरकवून उठायचो. चिडायचो. माझ्या बायकोला ती म्हणाली म्हणे, "याले काय चावून राह्यलं?"

काय चावत होतं ते खरं सांगतो, कारण इथं कोणी उलट विचारणारं नाही. मला बाबांचा आवाज आठवतच नाही. त्यांच्या जाकिटाचा वास आठवतो, पेटीवरची जाड बोटं आठवतात. आवाज नाही. मी चार वेळा ते गाणं एकट्यानं, कानात वायर घालून ऐकलं. काहीच झालं नाही. आवाज खरा असेल तर मी कसला पोरगा? त्यापेक्षा तो खोटा निघालेला बरा, असं मला आतून वाटत होतं. आणि असं वाटतं म्हणून स्वतःचाही संशय येत होता.

शुक्रवारी मी जिनिंगमध्ये सुटी टाकली आणि गाडीला किक मारून निघालो केळापूरला. बाबांच्या पार्टीतला ढोलकीवाला तिथं राहतो. पार्टीतला तेवढा एकच जिवंत आहे. ऐंशी पार केलेली, बोटं वाकडी झालेली, पण कान शाबूत. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला जवळ बसवलं, चहा सांगितला. मी चहा येण्याचीही वाट पाहिली नाही. मोबाईल काढला, गाणं लावलं, आणि त्याचं तोंड बघत बसलो. गाडीवाल्याचं तोंड बघतो तसाच.

पहिल्या ओळीलाच म्हातारा हसला. मांडीवर बोटं वाजवायला लागला.

"हा कोन गाऊन राह्यला, सांगू?" तो म्हणाला. "हा तुया बाप नाही."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. लाज वाटते सांगायला, पण मी खूश झालो.

"हा आपला दुसरा गवय्या," म्हातारा म्हणाला. "तुया बाप गेल्यावर तोच पुढं बसे. ढोलकीवर मायी थाप हाय ना, मले चुकन काय? आन् तुह्या बापाच्या टायमाले आपल्या पार्टीपाशी टेप कुठी होता?"

"मंग शेवटी बाबाचं नाव काहून हाय?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मुंबईहून उतरलो आहे. "गाणं ज्याचं, नाव त्याचं. तो मेला म्हनून नाव काढून टाकाव काय? पार्टी शेवटपर्यंत तुह्या बापाच्याच नावानं चालली. दुसऱ्यानं वीस वर्सं गायलं, पन सोताचं नाव नाही घातलं कधी."

म्हणजे मशीन नाही, लबाडी नाही, काही नाही. बहिणीनं नाव ऐकलं आणि आवाज बापाचा धरून बसली. दुसरं कोणी फसलं नसतं. ज्याला बापाचं नाव ऐकायची भूक आहे तोच फसणार.

परत येताना पांढरकवडा सुटल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होतो. मायला कसं सांगायचं? सांगावं तर लागणारच. रविवारच्या आत ते गाणं तिच्या हातातून काढून घ्यायचं होतं, आणि ते काम बहीण करणार नव्हती. मीच करणार होतो. घरातलं असलं काम नेहमी माझ्याकडंच येतं.

घरी आलो तर माय तशीच दारात, मोबाईल मांडीवर. मी शेजारी बसलो. घसा खाकरला.

"माय, मी केळापूरले गेलतो. ढोलकीवाल्या काकाकडं."

"जिते हायत काय? बरे हायत?"

"बरे हायत. माय, आयकून घे आता. तो आवाज बाबाचा नाही."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं फुकट गेली.

"सोळा वर्सं संसार केला त्याईच्यासंग. मले आवाज समजत नाही काय? त्याईचा आवाज जाड होता, असा फाटका नव्हता. तुही बहीण रडून राह्यली होती, तिले त्या टायमाले काय सांगू? मंग तुमी दोघं भांडतच बसले."

चार दिवस मी सगळ्यांना उलटसुलट विचारलं होतं. बहिणीला, आवाज मशीनवर बनतो का म्हणून मोबाईलच्या दुकानदाराला, केळापूरच्या म्हाताऱ्याला. घरात बसलेल्या या बाईला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग तू कायले आयकतं दिवसभर?"

तिनं मोबाईल मांडीवरून हातात घेतला. मग म्हणाली, बाबा गेल्यानंतरचा पहिला स्मृतिदिन होता. मला तेव्हा मामाकडं वणीला शिकायला ठेवलं होतं, म्हणून मला माहीत नाही. त्या दुपारी पार्टी विहारात गायला बसली, आणि कोणीतरी शहरातून टेप आणला होता. कोरसला माणसं कमी पडली. दुसरा गायक म्हणाला, वयनी, तुम्हाले गाणे येतात, तुम्ही बसा. ही बसली.

"आन् शेवटचं कडवं आलं," माय म्हणाली. "कोरसले ते चार डाव म्हनाव लागते. नावासकट. त्याईच्या जितेपनी मी त्याईचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात घ्या म्हने, तवाही नाही घेतलं. तठी सारे गाऊन राह्यले, मी काय मुकी बसू? घेतलं. मोठ्यानं घेतलं."

"आत्ता घेतं काय नाव?" मी विचारलं. का विचारलं कोणास ठाऊक.

"चाल! काहीबी बोलतं." ती चक्क लाजली. डोक्यावर पदर ओढून घेतला.

मी रविवारचं विचारलं. गाणं लावायचं की नाही?

"लावा ना. पन ज्याचा आवाज हाय, त्याचं नाव सांगून लावा. त्या बिचाऱ्यानं सोताचं नाव घातलंच नाही कुठी."

मग तिनं मोबाईल माझ्या कानाशी धरला आणि गाणं पुढं सरकवलं. ते तिला कोणी शिकवलं काय माहीत. शेवटचं कडवं. आधी गायक, मग कोरस. मी आजवर गायकालाच ऐकत होतो. आता कोरस ऐकला. पुरुषांच्या आवाजाखाली एक बाईचा आवाज होता, तरणा, सणसणीत. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी तो सगळ्यांच्या वर गेला आणि त्यानं माझ्या बापाचं नाव घेतलं. माझ्या हातावर काटा आला. मानेवर आला. मी सरळ रडलो.

माय माझ्याकडं बघत नव्हती. मोबाईल बंद करून तिनं पदरानं पुसला.

"साऱ्या गावानं आयकलं," ती म्हणाली. "त्याईनंच नाही आयकलं."