बुटक्या झिनियाची लागण

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत मी स्वतःला राणी समजत होते. ती राणी आज भेटली तर आधी तिचा कान पिळीन.

गणपतीत न्हावऱ्याला सासरी गेलो. जेवता जेवता सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, की दिवाळी झाली की सूनबाईनं कांद्याच्या लागणीला यायचं, चांगला दीड महिना. दोन खोल्यांत बसून ती करते तरी काय? माझं माहेर खुटबावचं. कांद्याच्या वाफ्यात वाकूनच मोठी झालेली. पुन्हा ते नको होतं. तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, दौंडला माझी बाग हाय. एक दिस पाणी चुकलं तर जळून जाईल."

बाग कसली, दारात गवतसुद्धा धड नव्हतं. ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, मग दिवाळीनंतर बघायलाच येते.

दौंडला परतले आणि आधी बियाण्याच्या शोधाला लागले. शेजारी एका गार्डचं बिऱ्हाड होतं, त्याच्या बायकोकडून बुटक्या झिनियाचं बी मागून आणलं. झाड वीतभर, फुलं मात्र गच्च बटणासारखी. तिनं बजावलं, की जिथं वाढवायची तिथंच पेरा, मुळाला धक्का सोसत नाही, दाट झाली तर जास्तीची खुडून टाका. आणि रोज उकरून बघू नका.

दारात वाफा करून बी पेरलं, आणि मी रोज उकरून पाहिलं. सकाळी एकदा, पाणी भरून झाल्यावर एकदा, भाकरी तव्यावर टाकून एकदा. भाकरी करपली. तरी पाचव्या दिवशी कोंब आले, माझ्या नाकावर टिच्चून.

वीसेक दिवसांत बोटभर रोप दाटलं. जास्तीचं खुडून टाका म्हणे. कांदेवाल्याच्या पोरीनं रोप फेकायचं? मला त्या बाईची कीवच आली. वाफा भिजवला, सगळं रोप उपटलं, जुड्या बांधल्या, विळीवर शेंडे छाटले, मुळ्याही थोड्या कापल्या, आणि दोरी धरून चार-चार बोटांवर अंगठ्यानं दाबत गेले. साठेक रोपं. कंबर मोडली, छाती फुगली. हे ड्युटीवरून आले आणि कांदे लावलेत का म्हणून विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी वाफा आडवा. कळशीमागून कळशी ओतली, जुन्या पातळाची सावली केली, घरात आले की पुन्हा बाहेर. शेवटी उरली सात. शेंडे कापल्यामुळं ती खालून फुटली, गोल झाली आणि दिवाळीत कळ्यांवर आली. त्यात माझी अक्कल काहीच नव्हती.

सासूबाई एसटीनं आल्या, पाणीसुद्धा न पिता वाफ्याशी उकिडव्या बसल्या. पाच फुलं उमलली होती. त्यांनी फुलांकडं पाहिलंच नाही. मेलेल्या रोपांच्या जागा बोटांनी मोजल्या.

"कुणी लावलं हे?"

"मीच."

"एकटीनं?"

"व्हय."

"ओळ सरळ हाय. अंतर बी नेमकं." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "असा हात घरात असताना मी बाया हुडकत गावभर हिंडू व्हय? घे पिशवी."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे बुटाची नाडी बांधत होते, फार वेळ बांधत होते.

"आन् पाण्याचं कसं, आत्याबाई?"

"सात झाडं हायत. माझ्या पोराला तेवढी झेपतील."

न्हावऱ्याच्या वाफ्यात पाय रोवले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. लागणीच्या बायांना सासूबाई सांगायच्या, सूनबाईची दौंडला बाग हाय. चेष्टा की कौतुक, ते आजही मला ठरवता आलेलं नाही. आठव्या दिवशी भावकीतले एक चुलत सासरे दौंडच्या बाजाराला निघाले, त्यांना क्वार्टरवर डोकावून यायला सांगितलं. संध्याकाळी ते बांधावरूनच म्हणाले, सगळीच्या सगळी फुलल्यात, आन् तुझं मालक दारात चहा पीत त्यांच्याकडं बघत बसल्यात.

त्या दिवशी माझ्या दोन ओळी वाकड्या गेल्या. सासूबाईंनी त्या मलाच उपटून पुन्हा लावायला लावल्या.