झेंडूखालचा आवाज

अमरावतीतलं ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. डोळे मिटले की आधी झेंडूचा वास येतो.

दसऱ्याच्या सकाळी राजापेठेतल्या एका फोटो स्टुडिओचा मालक, मी इन्स्पेक्टर होतो त्या ठाण्यात आला. कॉम्प्युटरमधून लग्नाच्या व्हिडिओंचं अख्खं फोल्डर गायब होतं. व्हायरस आला म्हणे. त्याच्यासोबत वलगावची एक तरुण विधवा होती. मे महिन्यात लग्न, श्रावणात नवरा गेला, आणि व्हिडिओ अजून एडिटिंगलाच पडून होता. ती एवढंच म्हणाली, "साहेब, त्यायचा आवाज फक्त त्याच्यातच हाये."

आदल्या दिवशी खंडेनवमी. मशीन चालू ठेवूनच पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत कोणी कामाला बसायचं नाही, असा तिथला रिवाज होता. स्टुडिओत गेलो तर कीबोर्डवर झेंडूची फुलं, पडद्यावर कुंकवाचं बोट आणि खिडकीतून आलेलं पिवळं ऊन. मी गुंगी आल्यासारखा बघत राहिलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सायबर सेलच्या बाईंनी मात्र खाली दडलेली एक काळी खिडकी उघडली. टाइप केलेला हुकूम तिथे तसाच होता: हे फोल्डर आतल्या सगळ्यासकट काढून टाक. खाली मशीनचा प्रश्न, नक्की का? पुढे उत्तर, हो. हे काम माणसाचंच होतं.

समोरच्या चहावाल्याने खबर दिली, पूजेनंतर दुपारी स्टुडिओतला एडिटर एकटाच शटर उघडून आत गेला होता. पंधरा वर्षं तिथेच काम करणारा जुना माणूस. ठाण्यात तासभर विचारलं, पण कबूल होईना. शेवटी मी त्या मुलीला समोर बसवलं. तिला बघताच तो रडायला लागला आणि सगळं सांगितलं. पूजेत तो मशीनला कुंकू लावायला पुढे झाला, तेव्हा मालकाने गिऱ्हाइकांसमोर त्याला नोकर म्हणून मागे सारलं होतं; त्या रागात त्याने फोल्डर पुसलं.

"मशीननं इचारलं साहेब, नक्की का म्हणून," तो म्हणाला. "माणसानं इचारलं असतं त मी थांबलो असतो."

मग त्यानेच विचारलं, त्यानंतर मशीनवर कोणी काम केलं का? नाही म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. बाईंनी मला समजावलं, जुन्या हार्ड डिस्कवर अशा हुकमाने फक्त नाव पुसलं जातं. वर नवीन काही बसेपर्यंत आतलं तिथेच असतं. रिवाजाने ते राखलं होतं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ सापडला. पाठवणीत रडणाऱ्या नवरीला नवरा हळूच सांगत होता, "काहून रडून राहिली? मी आहो ना." ती पोरगी पडद्याला हात लावून ऐकत होती. माझेही डोळे भरले, त्यात लपवायचं काय!

पुढे कायद्याने व्हायचं ते झालं. मला मात्र एडिटरचं ते 'माणसानं इचारलं असतं त' मनाला लागलं. सबंध नोकरीत मी माणसांना विचारलं, पण गुन्हा घडून गेल्यावर.