कोरी फिल्म

चूक माझी होती. हे वाक्य मी तेव्हा पाच महिने गिळून ठेवलं, म्हणून आज तेच आधी लिहितो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात मी पत्रव्यवहार बघायचो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं हळदीच्या व्यापारातलं. औषधं आणि यंत्रांकडे ते नंतर वळले, पण सवयी हळदीच्याच राहिल्या. पोत्यात वरून, मधून, खालून हात घालायचा, हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि मगच तोंडातून शब्द काढायचा. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीही आधी दोन वर्षं हळदीच्या अडतीवर काढली होती, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

महिन्यातून एकदा मी एस.टी.नं साताऱ्याला एक्स-रे फिल्मचे डबे घेऊन जायचो. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात एक्स-रे काढणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते. फौजेच्या इस्पितळातच ते हे काम शिकले होते. डार्करूमच्या किल्लीला त्यांनी बुटाची नाडी बांधली होती आणि ती गळ्यात, सदऱ्याच्या आत असायची. मी गेलो की मला आत घ्यायचे, दार लावायचे आणि लाल दिव्यात फिल्म पाण्यासारख्या रसायनात बुडवायचे.

"बघा, आता बरगड्या येतील. घाई न्हाई करायची. फोटू सोताहून येतोय."

आणि खरंच, हळूहळू कुणाच्या तरी बरगड्या उमटायच्या. मग बाहेर येऊन ते जेवणाचा डबा उघडायचे. ज्वारीची भाकरी, झुणका, कांदा. अर्धी भाकरी माझी, हे ठरलेलंच. मी नको म्हटलं की म्हणायचे, "आवं, लाजताय काय? लगीन ठरवाय आलाय व्हय?"

एकदा परदेशातून आलेली आमची फिल्मची पेटी मुंबईच्या बंदरात अडकली. कस्टममध्ये प्रत्येक मालाला एक कलम लावतात आणि त्यावरून जकात ठरते. फोटोची फिल्म वेगळी, सिनेमाची वेगळी, छापखान्याची वेगळी, दवाखान्याची वेगळी. आमच्या मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं. फिल्म कोरी आहे की वापरलेली, रसायनाचा थर एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, हे ताबडतोब लेखी कळवा. थर दोन्हीकडे असेल तर ती एक्स-रेचीच हे पटवणं सोपं जाईल, असं त्यानं खाली पेनानं लिहिलं होतं.

अण्णा परगावी गेलेले. साताऱ्याला ट्रंक कॉल लावला असता तर हवालदारांनी एका वाक्यात सांगितलं असतं. पण दोन वर्षं फिल्म विकणाऱ्यानं असं विचारायचं, याची मला लाज वाटली. शिवाय डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हे डोक्यात होतंच. साताऱ्यासाठी ठेवलेला शेवटचा डबा मी टेबलावर घेतला. "अंधारातच उघडा" असं त्यावर इंग्रजीत छापलेलं मी वाचलं होतं, हे कबूल करतो. मला वाटलं, फिल्म खराब होते ती यंत्रातल्या किरणांनी. खिडकीची एक फळी लावली की मिनिटभराच्या उजेडानं काय होणार?

काळा कागद सोडवला. वरची फिल्म पाहिली, मधली पाहिली, तळातली पाहिली. पोतं तपासतात तसा अख्खा गठ्ठा हातात पसरून पाहिला. एका फिल्मचा कोपरा ओल्या बोटानं आणि नखानं दोन्ही बाजूंनी खरवडला. दोन्हीकडून थर निघाला. फिल्म जशी होती तशीच फिकट हिरवट दिसत होती, काही बिघडल्याचं कुठंच दिसेना. खरवडलेली फिल्म खणात टाकली, बाकीच्या पुन्हा गुंडाळल्या आणि डब्याची पट्टी डिंकानं अशी चिकटवली की मलाही ओळखू येऊ नये. मग एजंटाला ऐटीत लिहिलं: "प्रत्यक्ष पाहून कळवतो की माल कोरा असून थर दोन्ही बाजूंना आहे."

पेटी सुटली. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "हे आमचे कस्टमसाहेब." आणि तो डबा मीच साताऱ्याला पोचवला.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा हवालदार केसपेपरच्या खिडकीत बसले होते. गळ्यात नाडी नव्हती.

"काय कस्टमसायब," ते म्हणाले. ती पदवी अण्णांच्या पत्रातून तिथवर पोचली होती. "आमची बदली झाली. खिडकीवर."

रसायनात बुडवल्यावर डबाच्या डबा काळा निघाला होता. पहिल्या फिल्मला त्यांना वाटलं रसायन बिघडलं. दुसरी, तिसरी, सगळ्या काळ्या. मोजल्यावर एक कमीही भरली. मोठ्या डॉक्टरांनी व्हरांड्यात, पेशंटच्या रांगेसमोर विचारलं, "दार उघडं ठेवून डबा खोललात ना?" पट्टी शाबूत होती, म्हणजे डबा दवाखान्यातच बिघडला, असा सरळ हिशेब. किल्ली काढून घेतली आणि एका नव्या पोराला दिली.

मी ऐकत होतो आणि त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खात होतो. नोकरी जाईल, या भीतीनं जीभ उचलली नाही. पुढचे महिनेही तसंच. ते कधी दुकानाला बोल लावत नसत. उलट मलाच समजवायचे, "तुमचा माल चांगला हाय, अण्णास्नी सांगा."

पाचव्या महिन्यात त्यांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"मीच दार इसरलो आसंन. लय इचार केला. बावीस वरसं कवा इसरलो न्हाई, पर वय झालं आता. परवा घरचं कुलूप लावलं का न्हाई, म्हनून अर्ध्या वाटंतनं माघारी गेलो."

"लावलं होतं का?"

"लावलं हुतं. पर इस्वास ऱ्हायला न्हाई बगा सोताचा."

त्या घासाला मी उठलो. किल्ली गेली तेवढंच मी इतके दिवस धरून होतो. या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासही मी नेला होता.

सांगलीला येऊन अण्णांपुढं सगळं ओकलो. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"वरून, मधून, खालून बघितलंस?"

"होय."

"फिल्म म्हणजे हळद वाटली का रे तुला?" मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्याची किल्ली गेली त्याला सांग. आणि रांगेसमोर सांग. उद्याची पहिली गाडी धर."

खणातली खरवडलेली फिल्म पिशवीत घालून मी गेलो. आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी कोपरा उजेडात धरला, मला एक शिवी हासडली, बेल वाजवून त्या पोराकडून किल्ली मागवली आणि नाडीसकट माझ्यापुढं ठेवली. स्वतः माझ्याबरोबर व्हरांड्यात आले.

खिडकीपुढं दहा-बारा माणसं होती. हवालदार कुणाचं तरी वय लिहून घेत होते. मला अवेळी आलेला बघून म्हणाले, "आवं, आज कुनीकडं?"

मी किल्ली आणि फिल्म दोन्ही खिडकीच्या फळीवर ठेवली. मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "हवालदार, दार तुम्ही उघडं ठेवलं नव्हतं. डबा मी उघडला. सांगलीत, दिवसाच्या उजेडात. कमी पडलेली फिल्म ही. तुम्ही काहीच विसरला नव्हता. पाच महिने मी तुमची भाकरी खाल्ली आणि गप्प बसलो. मला माफ करा."