सासूबाईंनी जर्मन मास्तरांना विचारलेला प्रश्न

सासूबाई आमच्याकडे आयर्लंडमध्ये, ड्रोहेडा गावी आल्या तेव्हा त्यांचं परतीचं तिकीट मार्च २०२० मधलं होतं. विमानं बंद झाली आणि त्या अडकल्या. सुरुवातीला व्हिसाची काळजी होती. मग सरकारनेच सगळ्यांच्या मुदती आपोआप वाढवल्या. नवऱ्याने ती बातमी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसल्या.

त्यांचा जीव कराडला, त्यांच्या टायपिंग क्लासात अडकला होता. सासरे गेल्यानंतर तो क्लास म्हणजेच त्यांचं घर झालं होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून मुली एसटीने यायच्या, टायपिंग शिकायच्या, परीक्षा द्यायच्या. पुढे जुनी मशीनं जाऊन कॉम्प्युटर आले, तरी सासूबाई मुलींच्या मागे उभ्या राहून "बोटांकडं बघायचं न्हाई" म्हणतच राहिल्या. आता क्लासला कुलूप होतं. शेजारची बाई आठवड्यातून एकदा उघडून केर काढायची, एवढंच.

आमच्या दोघींमध्ये भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखंही फार काही नव्हतं. नवरा बेडरूममध्ये दार लावून दिवसभर मीटिंगांत असायचा. मुलगी हॉलमध्ये बसून ऑनलाइन शाळा करायची. आजीने मराठीत विचारलं की ती इंग्लिशमध्ये "आय'म ग्रँड, आजी" म्हणायची, म्हणजे मी मजेत, आणि संभाषण तिथेच थांबायचं. माझ्या वाट्याला स्वयंपाकघरातलं टेबल आलं होतं. सासूबाईंची खिडकीही त्याच खोलीत. त्यामुळे आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर, आणि तरी गप्प.

मी पुण्यात जर्मन शिकले होते. इथे नवऱ्याच्या मागोमाग आले आणि भाषांतराची मिळतील ती कामं करू लागले. त्या उन्हाळ्यात एक वेगळंच काम आलं. जर्मनीतल्या एका लहान शहरातल्या व्यापारी शिक्षणाच्या शाळेचा इतिहास. शाळेचा मोठा वर्धापनदिन जवळ येत होता. तिथली मुलं अनुभवासाठी आयर्लंडमधल्या ऑफिसांत येत असत, म्हणून इथल्या लोकांसाठी पुस्तिकेची इंग्लिश आवृत्ती काढायची होती. मूळ मजकूर लिहीत होते त्याच शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक. एकेक प्रकरण लिहून झालं की ते मला पाठवायचे, आणि काही अडलं तर आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलायचो.

एकदा मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय लिहितीस गं?"

"एका शाळेचा इतिहास आहे, आई. जर्मनीतली कॉमर्सची शाळा."

त्यांचे हात थांबले. "टायपिंग शिकवायचे?"

"शिकवायचे. शॉर्टहँड, जमाखर्च, पत्रव्यवहार, सगळं."

"मग वाच की. मराठीत सांग."

तेव्हापासून दुपारच्या चहानंतर मी त्यांना ती शाळा सांगू लागले. शाळेची सुरुवात दुकानांत उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी झाली होती. मुलं दिवसभर मालाची पोती उचलायची आणि संध्याकाळी व्याजाची गणितं करता करता बाकावर झोपायची. दुकानदार तक्रार करायचे की शाळेमुळे पोरं शेफारतात. सासूबाई हे ऐकून खूप दिवसांनी हसल्या. मुलींचा वर्ग काढायचा ठरला तेव्हा नगरपालिकेतले लोक म्हणाले, या लग्न करून जाणार, यांना जमाखर्च कशाला? त्यावर कागदाचं दुकान चालवणाऱ्या एका विधवा बाईने भर सभेत विचारलं होतं की नवरा मेल्यावर दुकान कोण चालवतं ते तुम्हाला माहीत आहे का. ती जागा सासूबाईंनी मला पुन्हा सांगायला लावली.

"आणि आता कशी हाय ती शाळा?"

मी सांगितलं की आता मुलं आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम करतात आणि काही दिवस शाळेत शिकतात. कंपनीच त्यांना पगार देते. त्यांना ते फार पटलं. "आमच्या पोरींना असं कोण देतंय," म्हणाल्या आणि उठून भाजी फोडणीला टाकली.

घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती त्या दिवसांत आम्ही दोघी बॉइन नदीच्या काठाने चालायला जायचो आणि त्या मध्येच विचारायच्या, "मास्तरांनी पुढचं पाठवलं का?" त्या त्यांना मास्तरच म्हणायच्या. मीही घरात तसंच म्हणू लागले.

पानगळ सुरू झाली तेव्हा हिटलरच्या काळाचं प्रकरण आलं. ते पाठवताना मास्तरांनी मला सांगितलं होतं की शाळेच्या जुन्या पुस्तिकेत या काळाबद्दल एकच वाक्य आहे. "शिक्षकवर्गात काही बदल झाले." त्यांनी ते बदल लिहून काढले होते. जमाखर्च शिकवणारे एक ज्यू शिक्षक होते. मुलींच्या वर्गाचे आवडते. हिटलर सत्तेवर आला आणि थोड्याच आठवड्यांत त्यांना काढून टाकण्यात आलं. पुढे काही वर्षांनी त्यांना पूर्वेकडच्या छळछावणीत नेलं गेलं आणि ते परत आले नाहीत. मास्तरांनी लिहिलं होतं की सरांना काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नवे शिक्षक आले आणि पुढचा धडा सुरू झाला.

मी वाचून थांबले. मला वाटलं, सासूबाई त्या सरांबद्दल काही विचारतील. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"आणि पोरी?" त्या म्हणाल्या.

"कुठल्या पोरी?"

"वर्गातल्या. रोज शिकवणारा माणूस आला न्हाई. दुसराच उभा राहिला. तेव्हा पोरी काय करत होत्या?"

"ते इथे लिहिलेलं नाही."

"मग विचार की त्यांना. वर्ग म्हणजे पोरीच असतात. त्यांचंच न्हाई लिहिलं."

पुढच्या कॉलच्या वेळी त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, कारण समोर परके गृहस्थ. मी मास्तरांना सांगितलं की या माझ्या सासूबाई, यांनीही आयुष्यभर टायपिंग शिकवलं, आणि यांचा एक प्रश्न आहे. मग प्रश्न सांगितला. मास्तर आधी हसत होते. ऐकताना त्यांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला.

"याचं उत्तर देईन मी," ते म्हणाले. "पण आज नको. शेवटच्या प्रकरणाबरोबर पाठवतो."

त्यानंतर त्यांच्याकडून काहीही आलं नाही.

पहिला आठवडा मी वाट बघितली. मग एक मेल लिहिला, मग दुसरा. फोन वाजून बंद व्हायचा. शाळेच्या ऑफिसात नाताळची सुट्टी लागली होती आणि त्याआधीच सगळे घरून काम करत होते. कोणाला काही माहीत नव्हतं. मला मनातून वाटू लागलं की आपण त्या माणसाला दुखावलं. आयुष्यभर त्या शाळेत काढलेल्या माणसाला, हजार मैलांवरून, स्वयंपाकघरात बसून असलं काही विचारायचं काय कारण होतं? मी नवऱ्याला तसं म्हणाले. तो म्हणाला, "अगं, सत्तरीतला माणूस आहे. बाहेर काय चाललंय बघतेयस ना?" ते ऐकून तर आणखीच धास्ती वाटली.

सासूबाई रोज विचारायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळं रागावले व्हय गं?"

"नाही हो आई. काहीतरी काम असेल."

त्यांचा यावर विश्वास बसला नाही आणि माझाही नव्हता. जानेवारीत आयर्लंडमध्ये साथ फार वाढली. रेडिओ लावला की तेच. आम्ही तो लावणंच बंद केलं. सासूबाईंनी देवासमोर दिवा लावताना मला मास्तरांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, जमेना. शेवटी हात जोडून देवालाच म्हणाल्या, "ते जर्मनीचे मास्तर. तुला कळतंय कोण ते."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी डब्यांची झाकणं शोधत होते. ती सगळी त्या वरच्या कपाटात, म्हणजे मुलगी ज्याला 'प्रेस' म्हणते त्यात, कोंबलेली असतात. लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि कॉल वाजू लागला. मास्तरांचं नाव बघून माझ्या हातातली झाकणं खाली पडली.

ते खुर्चीत उशीला टेकून बसले होते. गाल बसले होते, दाढी वाढलेली, आवाज घोगरा. पण ते होते.

"माफ करा," ते म्हणाले. "मी हॉस्पिटलमध्ये होतो. बरेच आठवडे. मग बहिणीकडे. आजच पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला आणि तुमचे मेल दिसले. तुम्हाला वाटलं असेल मी चिडलो."

"हो, वाटलं," मी म्हणाले. मग हाक मारली, "आई, मास्तर आहेत. बरे आहेत."

सासूबाई आंघोळीला निघाल्या होत्या, हातात टॉवेल तसाच. त्या येऊन स्क्रीनसमोर बसल्या, पदराचंही भान नव्हतं. "बारीक झालेत," म्हणाल्या. "विचार, जेवण जातंय का."

मी विचारलं. ते हसले आणि खोकले. सूप जातं, म्हणाले. मग म्हणाले की त्यांना प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. मी म्हटलं, आज राहू दे. त्यांनी मान हलवली. त्यांना आजच सांगायचं होतं.

"माझी आई त्या वर्गात होती," ते म्हणाले. "पंधरा वर्षांची. मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा तिने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधीच नाही. नवे शिक्षक आले, सलाम केला, पानाचा नंबर सांगितला. आम्ही पान काढलं, ती म्हणाली. कोणी काही विचारलं नाही. सरांनी वाचायला दिलेलं एक पुस्तक तिच्याकडे होतं. ते परत करायला ती त्यांच्या घरापर्यंत गेली, दारात उभी राहिली आणि घंटा न वाजवताच परत आली. मी हे लिहिलं नाही कारण ती माझी आई होती. तुमच्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, त्यांना कोणीतरी सांगितलंय."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. घाईघाईत नाही, वाक्यावाक्याने. सासूबाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पंधरा वर्षांची पोर. तिला कुणी विचारलंच न्हवतं ना, कसं वाटतंय म्हणून."

हे मी जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा मास्तरांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं."

"आता लिहा म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी चांगले बरे व्हा. हळद घालून दूध घ्या म्हणावं रोज."

हळदीच्या दुधासाठी जर्मनमध्ये शब्द शोधताना मला हसू आलं, आणि एकदा सुरू झालेलं हसू थांबेना. मास्तरही हसले. माझी मुलगी दारात येऊन आम्हा सगळ्यांकडे बघत होती.

ते पान त्यांनी लिहिलं. आईचं नाव घालून, साध्या चार परिच्छेदांत. आता भीती होती ती शाळेच्या समितीची, कारण उत्सवाच्या पुस्तिकेत लोकांना फुलं आणि फोटो हवे असतात. मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाचलं आणि कळवलं की एक शब्दही काढायचा नाही, उलट पुढच्या वर्षीपासून नव्या मुलांना पहिल्या दिवशी हे वाचून दाखवायचं. मास्तरांनी तो मेल मला जसाच्या तसा पाठवला, वर काहीही न लिहिता. मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली. तो मीटिंग सोडून बाहेर आला. त्या वर्षभरात पहिल्यांदाच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भारतातून वाईट बातम्या येऊ लागल्या आणि कराडला जाण्याचा विषय पुन्हा मागे पडला. पण सासूबाई या वेळी खिडकीत बसून राहिल्या नाहीत. त्या आठवतील तेवढ्या विद्यार्थिनींना फोन करू लागल्या. क्लासचं एका शब्दानेही विचारायच्या नाहीत. घरचे कसे आहेत, तू कशी आहेस, झोप लागते का. एकीचे वडील गेले होते, तिच्याशी त्या तासभर बोलल्या. मी टेबलाच्या या बाजूला बसून शेवटच्या प्रकरणाचं इंग्लिश करत होते. आमची आता गप्प बसायची सवय मोडली होती. फोन झाला की त्या मला सगळं सांगायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला त्या गेल्या. डब्लिन विमानतळावर आत शिरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून निभावलं." परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "आईने मला असं कधी म्हटलं नाही." मी म्हटलं, तुला जर्मन येत नाही ना, म्हणून.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मागे टकटक ऐकू येत होती. क्लास उघडला होता. पूर्वीइतक्या नाही, पण मुली आल्या होत्या, दोन नव्यासुद्धा.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"कशाच्या कशा! दोन वर्षांत सगळं इसरल्यात. नुसत्या बोटांकडं बघत्यात. थांब जरा," आणि फोन तसाच धरून त्या कोणावर तरी ओरडल्या.

तो ओरडा ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याला ऐकायला बोलावलं.