खाकी कव्हरातले तिघे

मला वाचायला गिरगावातल्या वाडीतल्या सरांनी शिकवलं, हे आधी सांगते. सातवीत शाळा सुटली तेव्हा मला अक्षरं येत होती, वाचन येत नव्हतं. यवतमाळकडून मुंबईत आले, घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला लावलं आणि सर भेटले. चाळीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले, काचबिंदूने नजर गेलेली. मी वाचायची आणि ते सांगतील ते वहीत उतरवायची. जोडाक्षरापाशी अडले की म्हणायचे, "काय गं, सिग्नल लागला का?"

त्यांना एक लेख पुरा करायचा होता. आपल्याकडच्या अलीकडच्या तीन विचारवंतांनी सगळी माणसं, सगळे धर्म एक म्हटले; पण तिघांचं म्हणणं तरी एकच आहे का? "एवढं लिहून झालं की मी सुटलो," म्हणायचे. तब्येत उतरत चालली होती, म्हणून घाई.

पुस्तकांना खाकी कव्हरं होती, वर नाव नाही. सरांना फळ्या पाठ होत्या, एकेका फळीवर एकेक विचारवंत. "मधल्या फळीवरचं डावीकडून तिसरं काढ. चिठ्ठी असेल तेवढंच वाच."

गणपतीआधी मी कपाट पुसलं आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. छान दिसत होती. मग आठ दिवस आमचं काम नेहमीसारखं चाललं. नवव्या दिवशी एक कव्हर फाटलं, आतलं नाव दिसलं, ते भलत्याच विचारवंताचं; माझ्या आवरण्याने तिन्ही फळ्यांची सरमिसळ झाली होती. काम गेलं तर करी रोडची भाड्याची खोली जाणार, गावी कुठल्या तोंडाने जायचं? दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून वाचन टाळलं. तिसऱ्या दिवशी चहा देता देता सांगून टाकलं.

सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे आठ दिवस मी एकाची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी घालतोय? आणि मला खटकलंही नाही?"

"माझी चूक झाली, सर."

"तुझी फळीची झाली. माझी चाळीस वर्षांची."

मला रडू आलं. तेच म्हणाले, "रडू नकोस. 'सगळे एक' हे वाक्य तिघांचं सारखंच असतं गं. फरक पुढच्या पानावर आहे. एक म्हणतो, माझं घर मोठं आहे, सगळे आत या. दुसरा म्हणतो, मीच तुमच्या दारी येतो, तुमचा संडास साफ करतो. तिसरा म्हणतो, आधी डोळे मिटून बस, आत गेलास की कळेल. नजर होती तेव्हा मी चिठ्ठ्या घातल्या त्या सोप्या वाक्यांवर. पुढचं पान तुला वाचूच दिलं नाही."

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पण एका विचारवंताचं जेमतेम झालं आणि सर हॉस्पिटलात गेले. तिथे शुद्धीत असेपर्यंत "दोघं राहिले" एवढंच म्हणत होते. घरी आलेच नाहीत.

त्यांच्या मुलाने पुस्तकं आणि वही मलाच दिली. बिचारा म्हणाला, "बाई, आम्हाला यातलं काय कळतंय?" मलाही कुठे कळतंय? वहीतली अर्धी पानं माझ्या साफसफाईमुळे चुकलेली आहेत. सरांचं नाव त्याच पानांवर आहे, हे आठवलं की वही पुन्हा उघडते.

सर, मी आता चिठ्ठीपाशी थांबत नाही. अडखळत का होईना, पुढचं पानही वाचते. वेळ लागेल, पण प्रत्येकाचं वाक्य ज्याचं त्याला परत देऊन तुमचा लेख मी पुरा करीन.