भिंतीपलीकडचा इन्स्पेक्टर

हॅम्बर्गला पीएचडी करत होतो तेव्हा माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा इंग्रज नट राहायचा. तरुणपणी लंडनमध्ये नाटकं गाजवलेली, नंतर टीव्ही मालिकेत इन्स्पेक्टर. जर्मन बायकोपायी इथे आला आणि ती गेल्यावर एकटाच उरला. त्याची मालिका इथे दुपारी लागायची, पण जर्मन लोक सगळंच डब करतात. म्हणून तो टीव्हीचा आवाज बंद करून स्वतःचे संवाद स्वतःच म्हणायचा, खणखणीत. माझं डोकं उठायचं. एकदा दार ठोठावून मी त्याला चांगलंच झापलं. त्यानंतर पलीकडून काही ऐकू आलं नाही.

हिवाळ्यात तो वारला. इंग्लंडहून त्याची बहीण आली. अंत्यविधीला त्याचं काम दाखवावं, ही अक्कल माझीच. इथल्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट मी लावली. इतक्या वर्षांत मला डबिंग खटकेनासंच झालं होतं. पडद्यावर तो भलत्याच माणसाच्या आवाजात जर्मन बोलू लागला.

बहिणीने विचारलं, "हे कोण बोलतंय?"

मी आवाज बंद केला. त्याचे ओठ हलत राहिले. ते संवाद भिंतीतून ऐकून ऐकून मला तोंडपाठ होते. पण माझं तोंड उघडलं नाही.