एका वेळी एकच

आप्पाजी कुणाच्याही घरी नेट बघायला गेले की पहिली पंधरा मिनिटं हात पाठीमागे बांधून नुसते उभे राहायचे. लॅपटॉपला हात नाही, राउटरला हात नाही. घरातलं माणूस समोर तळमळत असायचं. कुणाची परीक्षा, कुणाची मीटिंग, कुणाचा ऐन रंगात आलेला सिनेमा. आप्पाजी मात्र छताकडे बघायचे, भिंतींकडे बघायचे, खिडकीतून पलीकडच्या गल्लीकडे बघायचे. कुणी फारच घाई केली तर म्हणायचे, “आधी बघू दे भई. हात लावायचं काय, ते तर सगळी दुनिया लावते.”

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना यातलं ओ की ठो कळत नाही आणि हे सरळ सरळ वेळ काढताहेत. मी कोल्हापूरची. आमच्याकडे माणूस बघत उभा राहिला तर त्याला काम सांगतात.

झाशीत लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तलावाच्या, बाजूला आप्पाजींचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकूजी, वर आम्ही भाडेकरू. माझा नवरा एका सरकारी कंपनीत इंजिनियर. लग्नानंतरची तीन वर्षं आम्ही दोन गावांत काढली होती, तो बदलीच्या गावी आणि मी पुण्याच्या ऑफिसात. शेवटी माझ्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आणि दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन मी झाशीला आले. आप्पाजींचे पूर्वज कुठल्याशा पेशव्याच्या काळात पौरोहित्याला इकडे आले ते इकडचेच झाले. माझी मराठी ऐकून आप्पाजी खूश व्हायचे आणि त्यांची ऐकून मी चाट पडायची. एका वाक्यात अर्धी हिंदी, आणि मधेच ‘फडताळ’ किंवा ‘माजघर’ असा शब्द, जो मी माझ्या पणजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला ते ‘बिटिया’ म्हणायचे, माझ्या नवऱ्याला ‘भैया’, आणि राउटरला ‘डबी’.

आप्पाजींनी सगळी नोकरी एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत केली. प्रोफेसर म्हणून नव्हे, सहायक म्हणून. तारा जोडून देणं, भिंगं पुसणं आणि मुलांनी बिघडवलेलं निस्तरणं. त्यात त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. “मुलं प्रयोग का बिगाडतात, सांगू? उत्तर नाही आलं की तार पण बदलतात, सेल पण बदलतात, स्विच पण बदलतात. मग उत्तर येतं, तर खुशीत घरी जातात. पण बिघडलं काय होतं, ते कुणाला पता? कुणालाच नाही. एका वेळी एकच बदलायचं बिटिया. एकच.”

निवृत्तीनंतर हाच कायदा त्यांनी गल्लीतल्या वायफायला लावला. शाळेतल्या मुलांची असते तसली एक वही घेऊन ते यायचे. लॅपटॉप कुठे ठेवला, घड्याळात किती वाजले, पडद्याच्या कोपऱ्यात किती रेघा दिसल्या, आणि या वेळी काय बदललं, असे चार रकाने. त्यातला चौथा रकाना नेहमी एका शब्दाचा. ‘दार.’ ‘पडदा.’ ‘स्टूल.’ निदान होईपर्यंत चहा घ्यायचे नाहीत. त्यामुळे काही घरांत त्यांना तीन-तीन दिवस चहा मिळायचा नाही. काकूजी म्हणायच्या, “लग्नाला हो म्हणायला यांनी आठ महिने घेतले. मी तर समजले, दुसरी कुठली बघताहेत. नंतर कळलं, विचार करत होते.”

गल्लीच्या टोकाला नानाजी पटवर्धन राहायचे. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी नेट रांगायला लागायचं. मुलाने नवा लॅपटॉप आणला, तरी तेच. आप्पाजी तीन संध्याकाळी वही घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी डबीवर कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी काढली. “घरात माणसं चार,” ते मला सांगत होते, “आणि डबीवर उन्नीस! बारात उतरली आहे की काय?” झालं होतं असं की पासवर्ड म्हणून नानाजींचंच नाव ठेवलेलं. त्या सन्मानाने नानाजी इतके सुखावले होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, स्वतःहून सांगायचे. आप्पाजींनी पासवर्ड बदलायला लावला आणि नवा नानाजींना सांगायचा नाही अशी ताकीद दिली. “माझ्याच घरात माझं नाव चालेना झालं,” असं म्हणत नानाजी आठवडाभर आप्पाजींशी बोलले नाहीत.

माझी रीत आप्पाजींच्या बरोब्बर उलट. नेट गेलं की मी राउटर बंद करणार, लॅपटॉप पुन्हा सुरू करणार, नवऱ्याचा फोन वायफायवरून काढणार, टेबल सरकवणार आणि हे सगळं करताना देवाचं नावही घेणार. मग दहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा जायचं, आणि यातल्या कशाने चाललं होतं ते मला कधीच कळायचं नाही. एकदा आप्पाजींनी जिन्यात उभं राहून हा सगळा सोहळा पाहिला. आणि डोळे मिटून घेतले.

गेल्या हिवाळ्यात आप्पाजी गेले. चार दिवसांचा ताप काय तो. आता गल्लीत नेट बिघडलं की लोक कंपनीला फोन लावतात, आणि कंपनीचा माणूस आल्या आल्या सगळं बंद करून सगळं चालू करतो. मला ते बघवत नाही. त्यांची आठवण येते ती अशी, भलत्या वेळी, आणि येते तेव्हा ती कूलरच्या वेळचीच असते.

झाशीचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला कूलर काय चीज आहे ते कळायचं नाही. माझ्या खांद्याएवढं उंच लोखंडी पत्र्याचं खोकं, तीन बाजूंनी भिजत राहणारा खस, म्हणजे आपला वाळा, तळाशी बादल्या-बादल्या पाणी. एप्रिलमध्ये नवऱ्याने तो माळ्यावरून काढला. खिडकीला गज, त्यामुळे तो बसला बाहेरची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधल्या दारात, जेमतेम एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी जागा सोडून. माझं टेबल झोपायच्या खोलीत. डबी बाहेरच्या खोलीत, जिन्याच्या दाराशेजारी.

एप्रिलपासून मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. आधी लोक हसायचे, मग हसेनासे झाले. एका मोठ्या ग्राहकाशी बोलताना मी सलग तीनदा गायब झाले, तेव्हा आमच्या सुचेता मॅडमनी मला वेगळा फोन केला. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. म्हणाल्या, “माधवी, मंगळवारचं सादरीकरण तूच कर. पण त्यातही असंच झालं तर मला तुला पुण्याला बोलवावं लागेल. माझ्या हातात नाही गं.” पुण्याला म्हणजे पुन्हा दोन गावं, पुन्हा दोन स्वयंपाकघरं, पुन्हा रविवारी फोनवर ‘जेवलास का’. मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. रडणं खाली ऐकू गेलं असणार, कारण काकूजींनी आप्पाजींना वर पाठवलं.

ते पंधरा मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी लॅपटॉप डबीशेजारी ठेवायला सांगितला. चारही रेघा. “म्हणजे डबी निर्दोष, लॅपटॉप पण निर्दोष. झगडा मधल्या रस्त्यात आहे.” टेबलावर आणल्यावर एकच रेघ. त्यांनी कूलर बंद करायला लावला. तरी एकच रेघ.

“म्हणजे कूलर नाही,” मी म्हणाले.

“बंद केला, बिटिया. हटवला कुठे?”

“मग हटवूया! टेबल पण सरकवूया, राउटर पण उंच ठेवूया, सगळं एकदम करूया ना आप्पाजी. परवा मंगळवार आहे!”

“नाही,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. “सगळं एकदम केलंस आणि मंगळवारी पुन्हा गेलं, तर काय करशील? तुला पता पाहिजे की गेलं का.”

त्यांनी आधी पाणी उपसून टाकायला लावलं. दोन रेघा, त्याही ये-जा करणाऱ्या. वहीत लिहिलं, ‘पाणी’. मग नवऱ्याने आणि त्यांनी मिळून कूलर बाल्कनीत ढकलला आणि टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर चारही रेघा उभ्या राहिल्या. “लोखंडी पत्रा, पोटात पाणी, अंगावर ओला खस,” आप्पाजी कपाळ पुसत म्हणाले. “डबी बिचारी ओरडते आहे, आणि हा मधे उभा.” त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

चहा घेऊन ते निघाले आणि दाराशी, डबीच्या पुढ्यातून जाताना, माझी एक रेघ पडली. मी ओरडून सांगितलं, तसे ते थबकले. मागे आले. रेघ परत आली. पुन्हा पुढे गेले. पुन्हा पडली. “अरे, मी पण तर पाण्याची टंकीच,” असं म्हणून हसले आणि वहीत लिहून घेतलं, ‘मी’.

टेबल बाहेरच्या खोलीत नेता येत नव्हतं, समोरच ग्रिल बनवण्याचं वर्कशॉप, दिवसभर लोखंड कापण्याचा आवाज. मोबाइलचं नेट त्या घरात फक्त गच्चीवर चालायचं. डबी हलवायला कंपनीचा माणूस गुरुवारी येणार होता. तेव्हा मंगळवारी दुपारी तीन वाजता, मे महिन्यात, कूलर बाल्कनीत ठेवून मी टेबलाशी बसले. कॅमेऱ्यात वरचा भाग इस्त्रीचा, खाली पाय बादलीत. नवरा कामावर. आप्पाजी बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसले. “तीन वाजता सुरू होईल. ठीक चालतंय बघतो आणि मग निघतो,” ते म्हणाले. त्यांना गरौठ्याला जायचं होतं. धाकट्या बहिणीच्या नातवाची दुसऱ्या दिवशी मुंज होती आणि त्यांना आणि काकूजींना न्यायला साडेतीनला गाडी येणार होती. त्या मुंजीबद्दल ते महिनाभर बोलत होते. बहिणीकडचं हे शेवटचं कार्य आपल्या हयातीतलं, असं त्यांनी मला दोनदा तरी सांगितलं होतं.

तीन वाजले, ग्राहक आलेच नाहीत. सव्वातीन. आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो. तीन पंचवीसला ते आले, माफी मागितली आणि मी सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर असताना खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग बराच वेळ वाजत राहिला. माझी नजर हलवायची सोय नव्हती. मनात म्हटलं, निघाले आप्पाजी, बरं झालं. थोड्या वेळाने हॉर्न थांबला आणि मी त्यांना विसरले.

सव्वा तास मी बोलत होते. घामाने कागद हाताला चिकटत होते. ग्राहकांनी खोचक प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. एकदाही आवाज तुटला नाही. सगळे गेल्यावर सुचेता मॅडम एकट्याच थांबल्या आणि म्हणाल्या, “माधवी, झाशीतूनच चालू दे. पुण्याचं विसर.” मी लॅपटॉप मिटला, बादलीतून पाय काढले आणि ओल्या पायांनी बाहेरच्या खोलीत धावले, नवऱ्याला फोन करायला.

आप्पाजी खुर्चीतच होते. ताठ बसलेले, हात मांडीवर, सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. कोपऱ्यातून जिन्याच्या दारापर्यंत जायचं तर दोन पावलं डबीच्या पुढून जावं लागत होतं.

“आप्पाजी! तुम्ही गेला नाहीत? गाडी?”

“गेली. तुझ्या काकूजी गेल्या त्यात. मी संध्याकाळच्या बसने जाईन.”

“अहो, दोन पावलं तर होती! एक क्षणाचं काम!”

“तू बोलत होतीस,” ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे ते घाबरले, पण खुर्चीतून हलले नाहीत.

“झालं ना तुझं? बिघडलं तर नाही?”

“झालं आप्पाजी. मी इथेच राहणार आहे.”

त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि आतल्या खोलीकडे बघत, आवाज अगदी लहान करून विचारलं,

“मग आता उठू?”